ब्रुनियासची कॅरिब चित्रं : दस्तऐवज की जमीनविक्रीची जाहिरात?

बोरूबहाद्दर : १७६३ च्या पॅरिस तहानंतर डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा, टोबॅगो ही कॅरिबियन समुद्रातली बेटं इंग्रजांकडे गेली. तिथल्या जमिनी विकणाऱ्या आयोगाचा प्रमुख सर विल्यम यंग. त्याच्या पदरी असलेला इटालियन चित्रकार म्हणजे ऑगस्टिनो ब्रुनियास. येल विद्यापीठाच्या संग्रहात त्याचं झोपडीबाहेरच्या कॅरिब (म्हणजे या बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या) कुटुंबाचं चित्र आहे, साधारण १७८० चं. कसं निवांत सगळं! त्याआधी, १७६९ ते ७३, सेंट व्हिन्सेंटमध्ये जमिनीवरूनच कॅरिबांशी युद्ध झालेलं. उसाचे मळे घेऊ पाहणाऱ्याला ‘या, इथे भ्यायचं कारण नाही’ असं सांगणारी ही चित्रं आहेत. याला मी कुटुंबजीवनाचा पुरावा मानत नाही.

चष्मेवाली : पैसे कोणी दिले एवढ्यावरून चित्र निकालात काढायचं? मग जगातलं निम्मं दरबारी चित्रण फेकावं लागेल. आणि ब्रुनियास नुसता यंगचा माणूस नव्हता. लंडनला परतल्यावर तो पुन्हा बेटांवर आला आणि १७९६ मध्ये डॉमिनिकातच वारला.

खारवी : बोरूबहाद्दर, तुम्ही फारच सौम्य लिहिलंत. सेंट व्हिन्सेंटच्या कॅरिबांचा म्होरक्या शाटोये आणि त्याच्या पाच बायका हे ब्रुनियासचं चित्र बघा. नवरा पाइप ओढतोय, ओझी बायकांच्या अंगावर. युरोपीय घरात बसून ‘रानटी नवरा’ बघायची सोय! हाच शाटोये इंग्रजांशी लढला आणि मार्च १७९५ मध्ये मारला गेला. त्याच वर्षी यंगच्या मुलाने मळेवाल्यांची बाजू मांडणारं पुस्तक काढलं. पुढे हजारो गारिफुनांना, म्हणजे शाटोयेच्या आफ्रिकी-कॅरिब वंशाच्या लोकांना, जवळच्या बालिसो बेटावर कोंडलं, तिथे निम्म्याच्या आसपास मेले. उरलेल्यांना १७९७ मध्ये थेट होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर नेऊन सोडलं.

चष्मेवाली : पण १७९७ चं पाप त्याआधीच्या चित्रावर कसं टाकता? जेम्स वेल्सने १७९२ च्या सुमारास सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना रंगवलं, तेही इंग्रज रेसिडेंट मॅलेटच्या पुण्यात. त्यातली पगडी आणि दागिने आपण बिनदिक्कत पुरावा म्हणून वापरतो की.

बोरूबहाद्दर : नाना फडणवीस नाव लावून, मानाने बसलेत हो. झोपडीबाहेरच्या त्या बाईला नाव आहे का? कॅरिब युद्ध संपवणाऱ्या १७७३ च्या तहाच्या ब्रुनियासच्या चित्राचं काय झालं, तेही ऐका. ब्रायन एडवर्ड्सच्या वेस्ट इंडीजवरच्या इतिहासग्रंथात ते जमैकातल्या मरूनांशी (पळून स्वतंत्र राहिलेल्या गुलामांशी) झालेला समेट म्हणून छापलं गेलं. माणसंच काय, बेटसुद्धा बदललं, आणि चित्र तरी खपलं.

चष्मेवाली : तो घोटाळा एडवर्ड्सच्या पुस्तकातला, ब्रुनियासचा नव्हे. बाईला नाव नाही हे मात्र मान्य. तरीही चित्र भिंतीवरून उतरवू नका म्हणते मी.

खारवी : उतरवा कोण म्हणतंय? शेजारी डॉमिनिकाचा नकाशा टांगा. १९०३ मध्ये कालिनागोंसाठी (कॅरिबांचं हे स्वतःचं नाव) तिथे जेमतेम ३,७०० एकर राखून ठेवले, तेवढा तुकडा रंगवून दाखवा.