इटालियन शिकायचीय, पण संस्कृतीतून. कुठून धरू?

रंकाळा_काठ:
इटालियन शिकायचा विचार आहे. नोकरी किंवा व्हिसासाठी नाही. ॲपवरची 'मुलगा सफरचंद खातो' छाप वाक्यं फार दिवस रेटवत नाहीत, म्हणून तिथल्या संस्कृतीतूनच भाषेत शिरायचं म्हणतोय. मराठी आणि कामापुरती इंग्रजी येते. रोज पाऊण तास देता येईल. ऑपेरा, सिनेमा, स्वयंपाक, फुटबॉल, चामड्याचा धंदा यातलं काय धरावं? आणि घरचे विचारतात, फ्रेंच-जर्मन सोडून इटालियनच का? त्याला पटेल असं उत्तर आहे का?

व्याकरणवाली:
आहे. मराठीच्या वाटेनं गेलात तर इटालियन इंग्रजीच्या वाटेपेक्षा सोपी पडते, आणि हे कुठलंही ॲप सांगत नाही.

उच्चार बघा. त आणि द आपल्यासारखे दंत्य, ट-ड नाहीतच. 'पीत्सा'तला त्स म्हणजे 'चांगला'मधला च. जोडव्यंजनं दाबून म्हणावी लागतात: 'पाला' म्हणजे फावडं, 'पाल्ला' म्हणजे चेंडू. 'सत्ता' म्हणणाऱ्या जिभेला त्यात नवीन काही नाही.

आता वाक्यरचना. 'मी प्याचे इल काफ्फे' म्हणजे मला कॉफी आवडते, 'मी प्याच्चोनो इ लीब्री' म्हणजे मला पुस्तकं आवडतात. आवडणारी वस्तू कर्ता, आवडणारा माणूस 'मला'. इंग्रजीतून शिकणारे इथं महिनाभर अडखळतात, आपल्याला समजावूनही सांगावं लागत नाही. 'मी पोळी खाल्ली, भात खाल्ला' यात क्रियापद कर्माच्या लिंगानं फिरतं ना? इटालियनमध्ये 'ती मी खाल्ली' म्हणताना 'लो मान्जाता' आणि 'तो मी खाल्ला' म्हणताना 'लो मान्जातो'. फक्त कर्म सर्वनाम होऊन आधी आलं तरच, एवढी अट.

मराठी दगा देते ती भूतकाळाच्या साहाय्यक क्रियापदात. गेलो, आलो, पडलो, जन्मलो यांना 'एस्सेरे' (असणे) लागतं, खाल्लं-पाहिलं यांना 'आवेरे' (जवळ असणे). इथपर्यंत आपला कान बरोबर सांगतो. पण झोपलो आणि हसलो यांनाही 'आवेरे' लागतं. ही दोन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नपुंसकलिंग नाही, आणि शेवटी 'आ' म्हणजे स्त्रीलिंग हा नियम 'प्रोब्लेमा'ला लागत नाही, ते पुल्लिंग.

टिपणं मराठीत काढा. इंग्रजीतून काढलीत तर हा सगळा फायदा गेला.

शाहू_स्टेडियम_पूर्व_बाजू:
कोल्हापुरात राहून हा काय प्रश्न झाला, भावा? फुटबॉल.

पण सामना बघून भाषा येत नाही, सामन्याचं वाचून येते. तिथल्या क्रीडापत्रात (गुलाबी कागदावरचं 'ला गाद्झेत्ता देल्लो स्पोर्त' 1896 पासूनचं) मथळ्यापासून सुरुवात करू नका. मथळ्यात क्रियापद गाळलेलं असतं आणि कोटी केलेली असते, नवशिक्याला काही लागत नाही. आधी खालचा तपशिलाचा तक्ता, म्हणजे 'ताबेल्लीनो' वाचा. मार्कातोरी म्हणजे गोल करणारे, आम्मोनीती म्हणजे पिवळं कार्ड मिळालेले, एस्पुल्सी म्हणजे बाहेर काढलेले, आर्बित्रो म्हणजे पंच. एक खेळाडू आम्मोनीतो, अनेक आम्मोनीती, महिलांच्या सामन्यात एक आम्मोनीता, अनेक आम्मोनीते. विशेषणाचं अख्खं कोष्टक दहा ओळींत झालं.

मग खरा माल: 'पाजेल्ले'. सामना संपला की प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण आणि खाली एक-दोन वाक्यांचा शेरा. शब्द शाळेच्या प्रगतिपुस्तकावरून आलाय, आणि तिथल्या शाळेसारखंच 6 म्हणजे पास. 5 मिळालेल्या बॅकवर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, म्हणजे तिकडं कॉफीच्या बारवर, काय बोललं जातं ते यात सापडतं. भाषेच्या दृष्टीनं सोय अशी की नाव वर छापलेलं असल्यानं वाक्यात कर्ता नसतो, काळ बहुतेक वर्तमान: 'पारा तुत्तो' (सगळं अडवतो), 'स्बाल्या उन गोल फाचीले' (सोपा गोल घालवतो), 'एन्त्रा ए सेन्या' (मैदानात येतो आणि गोल मारतो). रोज चार खेळाडू पुरे. दोन आठवड्यांनी आपल्या पाटाकडील किंवा दिलबहार संघाच्या सामन्याची पाजेल्ले स्वतः लिहा, अकरा खेळाडू, अकरा वाक्यं. भांडणं होतील तो विषय वेगळा.

ऐकण्यासाठी इटलीच्या सरकारी राई रेडिओचा 'तुत्तो इल काल्चो मिनुतो पेर मिनुतो', 1960 पासून चालू आहे. तिथले दुपारी 3 चे सामने आपल्याकडं हिवाळ्यात संध्याकाळी 7.30 ला, उन्हाळी वेळ लागू असताना 6.30 ला. सुरुवातीला फक्त आकडे पकडा, मिनिटं आणि गोलफरक. वेगानं बोललेले आकडे कळायला लागले की बाकीचं सुटं व्हायला लागतं.

साडेतीन_सप्तक:
ऑपेराबद्दल. गाण्याचा कान असेल तर उच्चारासाठी उत्तम, कारण स्वर पाचही लांब आणि उघडे ऐकू येतात. शब्दसंग्रहासाठी मात्र जपून. व्हेर्दी-पुच्चीनी या संगीतकारांच्या ऑपेरांच्या संहितेत 'कुओरे'चं (हृदय) 'कोर' होतं, 'आमोरे'चं (प्रेम) 'आमोर', सर्वनामं जुनी. ती बोलण्यात आणलीत तर नाट्यसंगीतातल्या मराठीत रिक्षा ठरवल्यासारखं होईल.

सिनेमात फसगत बोलीची. दिग्दर्शक व्हिस्कोन्तीचा 1948 चा 'ला तेर्रा त्रेमा' सिसिलीच्या बोलीत आहे, खुद्द इटलीतल्या प्रेक्षकांसाठी त्यावर प्रमाण इटालियनमध्ये निवेदन घालावं लागलं. नवशिक्यानं उलटं करावं: आधीच पाठ असलेला एखादा परदेशी चित्रपट इटालियन डबिंगमध्ये बघावा. तिथं डबिंगची परंपरा जुनी आहे, आवाज स्वच्छ, भाषा प्रमाण. मात्र त्यावर इटालियन सबटायटल लावू नका. ती बऱ्याचदा वेगळ्या अनुवादातून येतात, कानावर एक आणि डोळ्यांसमोर दुसरं, आणि दोन्ही हातचं जातं.

हिरडा_बाभूळ:
धंद्याचं थोडं. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या सँडल कोल्हापुरीसारख्या दिसल्या, तेव्हापासून इथं 'इटालियन शिकून ठेवा' म्हणणारे वाढलेत. शिकणार असाल तर चामड्याच्या शब्दांपासून शिका. 'पेल्ले' मऊ कमावलेलं, 'क्वोयो' जाड, तळाचं. वनस्पतीनं कमावणं म्हणजे 'कोन्चा वेजेताले'. आपल्याकडं बाभळीची साल आणि हिरडा, तस्कानीत चेस्टनट, मिमोसा, केब्राचो ही झाडं. युरोपात विकायच्या पादत्राणावर तीन भागांचं साहित्य दाखवावं लागतं: तोमाया (वरचा भाग), अस्तर आणि आतला तळ, बाहेरचा तळ. इटालियन जोडाच्या पेटीवरचं लेबल हा फुकटचा धडा.

पहिल्या ईमेलला 'चाव' (मित्रांमधला नमस्कार) नको. 'जेन्तीले' (आदरणीय) अमुक, आणि 'लेइ' म्हणजे आदरार्थी, आपल्या 'आपण'सारखं, क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी. बिलात 1.250 म्हणजे बाराशे पन्नास, सव्वा नव्हे. दशांशाला ते स्वल्पविराम देतात. आणि 15 ऑगस्टच्या आसपास नमुने पाठवून उत्तराची वाट बघू नका. तो फेर्रागोस्तो, कारखाने बंद असतात.

रंकाळा_काठ:
फुटबॉल ठरलं. पण घरच्यांसाठी काहीतरी कोल्हापूरचं सांगा की. 5 मिळालेल्या बॅकमुळं आई पटणार नाही.

जुना_राजवाडा_नोंदी:
फ्लोरेन्स सांगा. आपले छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला तिथं वारले, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, काशीने बागेच्या टोकाला दहन झालं. 1874 मध्ये तिथं स्मारकाची छत्री आणि अर्धपुतळा उभा राहिला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्यानं आपला नवा राजवाडा बांधला. शेजारच्या पुलाचं नाव 'पोन्ते आल्लिन्द्यानो'.

या नावात एक व्याकरणही आहे: 'आ' हे शब्दयोगी आणि पुढचं उपपद मिळून 'आल्ल' झालं. असेच 'देल', 'नेल', 'सुल'. वाक्यात पदोपदी भेटतात, पहिल्याच महिन्यात पाठ करा.

व्याकरणवाली:
फ्लोरेन्सला प्रत्यक्ष गेलात तर एक लक्षात असू द्या. तिथले लोक दोन स्वरांमधला क घशात ढकलतात, 'ला कासा'चं 'ला हासा' होतं. तुमचा कान बिघडला असं समजू नका, आणि नक्कल तर नकोच.