मराठी माध्यमातून येऊन बी.एस्सी.चे पहिले वर्ष इंग्रजीतून: अभ्यासाचा मेळ कसा घालावा?

प्रश्न (विद्यार्थिनी, प्रथम वर्ष)

मी लातूर जिल्ह्यातील एका गावची असून दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. अकरावी-बारावीला पुस्तके इंग्रजी होती, पण सर सगळे मराठीत समजावून सांगत. यंदा पुण्यात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. येथे तास पूर्णपणे इंग्रजीत होतात, फळ्यावर थोडेच लिहिले जाते, आणि ऐकलेले मनात मराठीत जुळवेपर्यंत पुढचा मुद्दा सुरू झालेला असतो. बारावीला चांगले गुण असूनही पहिल्या अंतर्गत चाचणीत भौतिकशास्त्रात जेमतेम उत्तीर्ण झाले. इतर मुली सफाईने इंग्रजी बोलतात, त्यामुळे वर्गात शंका विचारण्याचे धाडस होत नाही. शनिवार आला की घरी जावेसे वाटते, पण आई-बाबांना यातले काहीच सांगितलेले नाही. या वाटेने गेलेल्या ताई-दादांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (माजी विद्यार्थिनी, भौतिकशास्त्र)

तुला विषय कळत नाही, असे तुझ्या लिहिण्यावरून वाटत नाही. ऐकणे, समजणे आणि उतरवून घेणे या तिन्ही गोष्टी सवय नसलेल्या भाषेत एकाच वेळी कराव्या लागतात, तिथे दमछाक होते. म्हणून तासाला बसण्यापूर्वीच विषयाची तोंडओळख झालेली असावी. उद्या उष्मागतिकीचा दुसरा नियम शिकवणार असतील, तर आज रात्री मराठी विश्वकोशातील त्यासंबंधीची नोंद वाच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला सुरू झालेला हा कोश आता संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. कल्पना मराठीत पक्की झाली की लगेच इंग्रजी पाठ्यपुस्तकातील तेवढाच भाग वाच, म्हणजे दुसऱ्या दिवशी सरांची वाक्ये ओळखीची वाटू लागतील. शाळेत शिकलेल्या संज्ञांचे इंग्रजी प्रतिशब्द अडले, तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही संकेतस्थळावर आहेत.

वहीच्या बाबतीत मला उपयोगी पडलेली पद्धत सांगते. तासाला फक्त उजव्या पानावर लिहायचे, आणि तेही जमेल तसे: अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी, आकृती, बाण, जिथे सुटले तिथे प्रश्नचिन्ह. डावे पान कोरे ठेवायचे आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्यावर तोच भाग, गणिती सिद्धतेसह, इंग्रजीच्या पूर्ण वाक्यांत लिहून काढायचा. परीक्षेत उत्तरे इंग्रजीतच लिहायची असल्यामुळे हा सराव टाळून चालत नाही, आणि निव्वळ वाचून तो होत नाही. पहिले काही आठवडे हे काम फार वेळ खाते, पण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते रेटून ने.

उत्तर २ (प्राध्यापक)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. शिक्षकाच्या बाजूने थोडी भर घालतो. श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत लेखी विषयाच्या एका श्रेयांकाला वर्गातले साधारण १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या श्रेयांकाला ३० तास मिळतात. म्हणजे दोन श्रेयांकांचा विषय संपूर्ण सत्रात सुमारे ३० तासांत पूर्ण करायचा असतो. बारावीसारखे प्रत्येक उदाहरण वर्गात सोडवून घेणे त्यात बसत नाही, आणि मधल्या पायऱ्या विद्यार्थ्याने घरी भराव्यात, हे न सांगता गृहीत धरले जाते. आम्ही ते पहिल्याच तासाला स्पष्ट सांगायला हवे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

शंका वर्गात विचारता येत नसेल तर तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जावे आणि खुशाल मराठीत विचारावे. मात्र 'काहीच कळले नाही' असे म्हणण्यापेक्षा वही पुढे धरून 'या ओळीतून पुढची ओळ कशी आली?' असे विचारले, तर शिक्षकाला दहा मिनिटांत नेमकी गाठ सोडवून देता येते. प्रात्यक्षिकाचे जर्नल मात्र साठवून ठेवू नये. निरीक्षणांच्या तक्त्यावर त्याच दिवशी सही घ्यावी आणि आकडेमोड त्याच आठवड्यात पुरी करावी, कारण सत्राच्या अखेरीस लेखी परीक्षेची तयारी आणि सबमिशन एकत्रच अंगावर येतात. अंतर्गत चाचणीतील कमी गुणांची भरपाई अजून होऊ शकते. एखाद्या विषयात नापास होऊन एटीकेटी (तो विषय मागे ठेवून पुढे जाण्याची मुभा) लागली तरी वर्ष लगेच वाया जात नाही, पण पुढच्या सत्रात जुना आणि नवा अभ्यास एकाच वेळी करावा लागतो.

उत्तर ३ (वसतिगृहातील वरिष्ठ विद्यार्थी)

अभ्यासाचे वर आले आहेच, म्हणून राहण्याविषयी लिहितो. दर शनिवारी रात्रीची बस पकडून लातूर गाठले, तर सोमवारचा पहिला तास झोपेत जातो, आणि ज्या दोन दिवसांत वसतिगृहात ओळखी होतात तेच हातचे जातात. सणाला, मोठ्या सुट्टीला अवश्य जावे. एरवी रविवारी सकाळी एखाद्या मैत्रिणीबरोबर ग्रंथालयात बसून एकमेकींना एकेक प्रकरण समजावून सांगावे. तुमच्यासारख्याच मराठी माध्यमातून आलेल्या आणखी मुली वर्गात नक्की असतील. त्याही गप्प बसत असल्यामुळे दिसत नाहीत.

घरी मात्र सांगा. निकाल लागल्यावर अचानक कळण्यापेक्षा आतापासून थोडे थोडे कळलेले आई-बाबांना सोसते. खर्चाचीही चिंता असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर आपल्या प्रवर्गासाठी कोणती शिष्यवृत्ती किंवा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे ते पाहा आणि मुदतीपूर्वी अर्ज भरा. 'कमवा व शिका' योजनाही चांगली आहे, पण ती दुसऱ्या सत्रापासून घ्यावी, असे मला वाटते. झोप उडणे, जेवण न जाणे असे बरेच दिवस चालले, तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.