मदत हवी आहे: जुनी शिडाची होडी घ्यायची आहे. हलक्या वाऱ्यातली रेस आणि वीकेंडचा मुक्काम, दोन्ही एकीत जमेल का?

नमस्कार मंडळी, मी रायबंदरला राहते. सेलिंग सात वर्षं करतेय पण सगळं दुसऱ्यांच्या होडीवर, स्वतःची घ्यायची ही पहिलीच वेळ. हे वेड लागलं २०१८ च्या मे महिन्यात, नौदलाच्या सहा महिला अधिकारी तारिणी घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करून मांडवीत परत आल्या तेव्हा. ती होडी बांधलेली आमच्या समोरच्या दिवाडी बेटावर, त्यामुळे आपल्याच घरचं कुणीतरी परत आल्यासारखं वाटलं होतं. लेक तेव्हा चार वर्षांची होती, आता ती जिब (पुढचं शीड) सांभाळते. बजेट साडेसहा लाख, त्यातच नवीन शिडं आणि वाहतूक बसवायचीय.

आता अडचण सांगते. आम्ही सहा-सात होड्या मिळून शनिवारी सकाळी आठला मिरामारसमोर बोये लावून रेस करतो, कारण दुपारनंतर बार्ज आणि टुरिस्ट बोटींची ये-जा वाढते. सकाळी पूर्वेकडून मतलई (जमिनीकडून येणारा) वारा असतो, चार-पाच नॉट मिळाला तर नशीब, आणि दहाच्या सुमाराला तोही पडतो, मग पाणी तेलासारखं. वायव्येचा वारा भरेपर्यंत दीड तास नुसतं बसायचं, आणि त्यात ओहोटी लागली असेल तर होडी शीड भरलेलं असून मागे मागे जाते. गेल्या महिन्यात तीनदा नांगर टाकून उभं राहावं लागलं (नियमात चालतं ते, फक्त पुढे निघताना नांगर उचलून घ्यायचा). म्हणजे मला होडी हवी ती ह्या चार नॉटमध्ये चालणारी, जोराच्या वाऱ्यात काय सगळ्याच चालतात.

दुसरीकडे महिन्यातून दोनदा तरी नवरा, लेक आणि मी काबो ओलांडून मुरगावच्या पुढे ग्रांडे बेटाच्या आडोशाला एक रात्र राहणार. त्यासाठी तिघांना झोपायला जागा, एक स्टोव्ह, टॉयलेटची काहीतरी सोय एवढंच हवंय, एसी-बिसी नको.

समोर दोन होड्या आहेत. पहिली मुंबईला, जे २४ ही २४ फुटी रेसची होडी, १९७७ चं डिझाइन, पाच हजारांहून जास्त बनल्या त्यामुळे पार्ट मिळतात. दुसरी इथेच गोव्यात, एका परदेशी माणसाने सोडून दिलेली २६ फुटी जुनी ब्रिटिश क्रूझर, खाली दोन कील (तळाचे वजनदार पंखे) असलेली, आत डिझेल इंजिन, केबिनमध्ये जवळजवळ उभं राहता येतं. गंमत बघा, शीड दोघींचं जवळपास सारखंच, २४ चौरस मीटरच्या आसपास, पण जे २४ चं वजन १.४ टन आणि हिचं २.३ टन. शीड आणि वजनाचं जे गुणोत्तर काढतात (जितकं जास्त तितकी हलक्या वाऱ्यात चपळ) ते जे २४ चं १९ च्या वर येतं, क्रूझरचं १४. शिवाय दोन कील म्हणजे पाण्यात घासणारा पृष्ठभाग जास्त आणि हलक्या वाऱ्यात तोच तर मारतो. कागदावर निर्णय झालाच.

पण मला मुरिंग (होडी पाण्यात बांधून ठेवायची जागा) मिळतंय ते नेरूळच्या खाडीत. रायबंदरला ठेवली तर डोलकाठी घेऊन मांडवीच्या पुलांखालून जायचा प्रश्न, म्हणून खालच्या बाजूला बघितलं. आणि तिथे मोठ्या ओहोटीला चिखल उघडा पडतो. दोन कीलवाली चिखलावर सरळ बसते, पुढची भरती आली की निघते. जे २४ ला १.२२ मीटर पाणी लागतं, ती आडवी होणार. मग काय करायचं? मुरिंग बदलायचं की होडी?

आधी एकाने सुचवलेलं की सरळ एंटरप्राइज घे. १३ फुटी उघडी होडी, हल (होडीचं नुसतं धड) ९४ किलोचं, वाऱ्याची झुळूक आली तरी पळते, हे मला मान्य आहे, मी त्यावरच शिकले. पण तिघांनी रात्र कुठे काढायची?

प्रतिसाद

ताई, जे २४ च घ्या, पण बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. तिच्या हलमध्ये आणि डेकमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असतो, कुठल्याही फिटिंगच्या स्क्रूतून पाणी शिरलं की तो आतून कुजतो आणि वरून काही दिसत नाही. प्लास्टिकच्या हातोडीने इंचाइंचावर टकटक करा, टणक आवाज यायला पाहिजे, भद्द आवाज आला की तिथे थांबा. विंच (दोर ओढायचं चक्र), स्टँचन (कठड्याचे खांब), चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा अडकवायच्या पट्ट्या) ह्यांच्या भोवती जास्त वेळ द्या. केबिनमधला मुख्य बल्कहेड (आडवी भिंत), ज्यावर चेनप्लेट असतात, त्याचा खालचा भाग टोकदार वस्तूने टोचून बघा. कील आणि हलचा सांधा पुढच्या बाजूला फाटलाय का तेही बघा, कुठेतरी आपटलेली असेल तर तिथेच कळतं. स्टँडिंग रिगिंग (डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा) किती जुनं ते विचारा, दहा-बारा वर्षं झाली असतील तर किमतीतून वजा करा. शिडं बिनकामाची असणारच असं धरून चला, मऊ पडलेल्या शिडाने हलक्या वाऱ्यात काहीच होत नाही.

दुसरा प्रतिसाद

जे २४ च्या केबिनमध्ये बसता येतं फक्त, उभं राहता येत नाही, घरच्यांना आधी सांगून ठेवा. आणि आपल्या पाण्यात महिन्याभरात तळाला कालवं धरतात, अँटिफाउलिंग (तळाला काही चिकटू नये म्हणून लावायचा रंग) केलेलं असलं तरी दर पंधरा दिवसांनी पाण्यात उतरून तळ घासा, नाहीतर १९ चं गुणोत्तर कागदावरच राहील. चिखलातल्या मुरिंगचा नाद सोडा, पावसाळ्यात तशीही बाहेरच काढावी लागेल.

धागाकर्ती

खूप आभार दोघांचे. काल ओहोटीच्या वेळी वल्ह्याला खुणा करून नेरूळच्या तोंडापर्यंत पाणी मोजत गेले. आतल्या मुरिंगवर गुडघाभर, पण बाहेर कोको बीचच्या बाजूला एके ठिकाणी दोन मीटर मिळालं, तिथे लाट जास्त लागते आणि टेंडरने (छोट्या होडीने) जावं लागेल, चालेल. घरी भिंतीवर चार फुटांवर खूण करून नवऱ्याला दोन तास तिच्या खाली बसवलं, म्हणाला एक रात्र निघेल. क्रूझर सोडली.

पुढच्या रविवारी मुंबईला जातेय. होडी जमिनीवर क्रॅडलवर (आधाराच्या चौकटीवर) आहे. मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) असलेलं कुणी तिथे तासभर येऊ शकेल का? येण्याजाण्याचा खर्च माझा. आणि ट्रकवर गोव्याला आणताना कील क्रॅडलवर कसं टेकवायचं, कील आणि हलच्या सांध्यावर जोर येऊ नये म्हणून पट्टे कुठे बांधायचे, हे कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.