फळ्यावर नावं लिहिणारा मॉनिटर: ठेवायचा की काढायचा? (पाचवी ते आठवी, नाशिक)

खडू_डस्टर (धागा सुरू करणारे)

शाळा मनपाची असो, जिल्हा परिषदेची असो की संस्थेची, पाचवी ते आठवीच्या वर्गांत एक पद हटता हटत नाही. तास रिकामा गेला की मॉनिटर उठतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात बडबड करणाऱ्यांची नावं लिहितो. पुन्हा बोललं की नावापुढे फुली, आणखी बोललं की आणखी एक. सर आले की फुल्या मोजून हिशेब.

माझं म्हणणं, हे पद यंदापासून बंद करा. एकमेकांना मान द्या असा सुविचार परिपाठात वाचायचा आणि त्याच वर्गात ४७ जणांवर एक पहारेकरी बसवायचा, हे जमत नाही. यादीत मित्राचं नाव येत नाही. मैदानावर ज्याच्याशी वाजलं त्याचं पहिलं येतं. नाव पुसून घ्यायला पेन, चिंचेची गोळी, डब्यातला अर्धा चिवडा. आणि यादी खरी की खोटी हे सर तपासणार कसे? ते वर्गात नव्हते म्हणून तर यादी झाली.

त्याऐवजी कामाचे गट. पट ४८ धरला तर सहा-सहाचे आठ गट. चिठ्ठ्यांचे डबे दोन ठेवा, मुलींचा एक आणि मुलांचा एक, म्हणजे प्रत्येक गटात दोन्ही येतात. कामं: परिपाठ, फलकलेखन, झाडलोट, पाणी व हात धुण्याची जागा, पोषण आहाराचं वाढप, वाचनपेटी, खेळाचं साहित्य. आठवा गट राखीव, गैरहजरांच्या जागी. दर दोन आठवड्यांनी काम बदलायचं. १६ आठवड्यांत एक फेरा होतो. सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस, म्हणजे सहा दिवसांचे साधारण ३६ आठवडे. दिवाळीपर्यंत एक फेरा, नंतर दुसरा, आणि चार आठवडे परीक्षा-स्नेहसंमेलनाला उरतात.

आठवा_तास

कागदावर छान. आता कागदाबाहेर या. शिक्षण हक्क कायद्यात उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक आहे, पण शहरातल्या मागणी असलेल्या शाळांच्या तुकड्या ५५-६० च्या असतात. त्याच कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना द्यायची मुभा देतं. एका दिवशी दोन शिक्षक निवडणुकीच्या कामाला, एक प्रशिक्षणाला. उरलेल्यांनी ३५ मिनिटांचा तास किती वर्गांवर घ्यायचा? त्या ३५ मिनिटांत वर्ग कोण सांभाळणार, चिठ्ठ्यांचा डबा?

मॉनिटर वाईट नाही, त्याला दिलेलं काम वाईट आहे. फुल्या बंद करा, पद ठेवा. त्याने फक्त तीन गोष्टी पाहायच्या: कोणाला लागलं का, कोणी वर्गाबाहेर गेलं का, भांडण हातघाईवर आलं का. तिन्हीपैकी काही झालं तर शेजारच्या वर्गावरच्या बाईंना सांगायचं. बाकी गोंगाट होऊ द्या. साठ मुलं आहेत, मठ नाही.

खडू_डस्टर

शेवटच्या दोन वाक्यांवर आपलं जमलं. पण रिकामा तास मुळात रिकामा राहतो म्हणून गोंगाट होतो. प्रत्येक वर्गात एक खोकं ठेवा: वाचायचे सुटे कागद, कोडी, अर्धवट नकाशे, जोडीने सोडवायची गणितं. काम २५ मिनिटांचं हवं आणि जोडीचं हवं. एकट्याचं दिलं की हुशार मुलं दहा मिनिटांत मोकळी होतात आणि दंगा तिथूनच सुरू होतो. कागद दर महिन्याला बदला, नाहीतर उत्तरं मागच्या बाकावर आधीच फिरलेली असतात.

नागरिकशास्त्र_सातवी

तुम्ही दोघेही निवडणूक विसरलात. सातवीच्या नागरिकशास्त्रात संविधान आहे, आठवीत संसदीय शासनपद्धती. ते वर्गात करून बघण्याची संधी तुम्ही चिठ्ठीला देऊन टाकता? चिठ्ठीने निघालेला नेता कोणाला उत्तरदायी? मंत्रिमंडळ निवडून आणा: अर्ज, प्रत्येकी दोन मिनिटांचं भाषण, पोस्टर आणि चॉकलेट बंद, पुठ्ठ्याच्या खोक्यात घडी घातलेली मतपत्रिका. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मंत्र्यांनी वर्गासमोर कामाचा हिशेब द्यायचा, आणि वर्गाच्या दोन-तृतीयांश मुलांनी मागणी केली तर पुन्हा मतदान. हक्क आणि जबाबदारी मुलांना अशीच कळते.

गोदाकाठ

कळते, आणि मोठ्यांच्या निवडणुकीतलं बाकीचंही कळतं. गल्लीनुसार मतं, आडनावानुसार मतं. मुलगी जिंकली तरी ‘उप’ तिच्याकडे किंवा स्वच्छतामंत्रिपद. मतमोजणी फळ्यावर रेघा मारून केली आणि कोणाला भोपळा मिळाला तर ‘शून्या’ हे नाव आठवी सुटेपर्यंत चिकटतं. निवडणूक घ्यायचीच तर फक्त विजयी नाव जाहीर करा, आकडे सांगू नका.

नागरिकशास्त्र_सातवी

आकडे लपवलेली निवडणूक संशयाला जागा देते. मोजणी दोन मुलांसमोर करा, मतपत्रिका मुख्याध्यापकांकडे ठेवा. पण भोपळ्याचा मुद्दा खरा आहे, तो मी धरला नव्हता.

सातपूर_अंबड_पालक

मॉनिटर, मंत्री, गट, काहीही ठेवा. अपमान कुठून येतो ते आधी बघा. बराचसा मोठ्यांकडून येतो.

शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की भर वर्गात प्रवर्ग पुकारून मुलांना उभं केलं जातं. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती पाचवीपासून ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींसाठी असते. दोन मिनिटांत अख्ख्या वर्गाला कोण कुठली ते कळतं, आणि मधल्या सुट्टीत त्याचं चिडवणं होतं. उपाय फुकटचा आहे: सगळ्या ४८ जणांना बंद पाकीट द्या. ज्यांना फॉर्म त्यांच्या पाकिटात फॉर्म, बाकीच्यांच्या पाकिटात सुट्ट्यांची यादी. लिपिकाचा अर्धा तास जातो, बस.

दुसरं, आडनावाने हाक. आडनाव म्हणजे आपल्याकडे अर्धी जात. मुलं त्याच्या पुढे जातात, एकमेकांना बापाच्या नावाने हाका मारतात, आणि ती मारामारीची पहिली पायरी असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने ‘मला या नावाने हाक मारा’ असं चिठ्ठीवर लिहून बाकावर चिकटवायचं. सरांनी आणि बाईंनीही तेच नाव वापरायचं. त्यांनी नाही वापरलं तर चिठ्ठ्या आठ दिवसांत फाटतात.

तिसरं, बोली. सिडको-सातपूर-अंबडला सटाणा, मालेगाव, धुळे, जळगावकडची घरं खूप. पोरगं ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणालं की वर्ग हसतो आणि काही ठिकाणी सरही हसतात. यूपी-बिहारकडच्या कामगारांची मुलं मराठी बोलताना अडखळली की तेच. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, कुसुमाग्रजांचं गाव म्हणून आपल्याकडे जरा जोरातच. त्या दिवशी परिपाठाची एक बातमी अहिराणीत आणि एक कोकणीत (सुरगाणा-पेठकडची आदिवासी बोली, समुद्राकाठची नव्हे) वाचू द्या. वर्षातून एकदा नको, महिन्यातून एकदा. एकदाच केलं की तो गंमतीचा कार्यक्रम होतो.

गोदाकाठ

बंद पाकीट! एवढं एक जरी झालं तरी या धाग्याचं सार्थक.

झाडूचंही बोलायला हवं. झाडलोट ठरावीक मुलांकडे आणि मुलींकडे जाते, सगळ्यांना दिसतं, कोणी बोलत नाही. २ मार्चच्या परिपाठात काळाराम मंदिर सत्याग्रहाचा १९३० चा दिनविशेष वाचायचा आणि परिपाठ संपला की झाडू नेहमीच्याच हातांत. इथे मी खडू_डस्टर यांच्या चिठ्ठीच्या बाजूने. चिठ्ठी आडनाव वाचत नाही.

आठवा_तास

चिठ्ठी वाचत नाही, पण अदलाबदल होते. ‘तू माझं झाडायचं कर, मी तुझा गृहपाठ देतो.’ दोन दिवसांत गट कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरे. त्यावर काय?

खडू_डस्टर

गटाचं काम गटानेच करायचं, अदलाबदल फक्त राखीव गटाशी आणि तीही वर्गशिक्षकांच्या वहीत नोंदवून. वाढपाच्या गटावर सगळ्यात जास्त लक्ष लागतं. सहावी ते आठवीला माणशी १५० ग्रॅम कच्च्या तांदळाचा हिशेब असतो. शेवटच्या रांगेला कमी पडतं ते धान्य कमी म्हणून कमी वेळा, पहिल्या रांगेतल्या दोस्तांना डाव भरभरून पडतो म्हणून जास्त वेळा. पहिल्या फेरीत सर्वांना एकच डाव, दुसरी फेरी मागच्या बाजूने, आणि वाढणारे शेवटी जेवायला बसणार. शेवटी बसायचं ठरलं की हात आपोआप मोजून चालतो.

मुख्याध्यापिका_निवृत्त

एका ठिकाणी सगळ्यांना थांबवते. चिडवणं, नाव ठेवणं, डबा लपवणं इथपर्यंत वर्ग पाहू शकतो. तिथेही दोघांना सगळ्यांसमोर उभं करून ‘सॉरी म्हण, हात मिळव’ करू नका. ज्याला त्रास झाला त्याच्याशी आधी एकट्याने बोला, दुसऱ्याशी नंतर. काय घडलं ते तारखेसह लिहा. आठ दिवसांनी आणि महिन्याने पुन्हा विचारा. पहिल्या शांततेला भुलू नका, त्रास बहुधा शाळा सुटल्यावरच्या रस्त्यावर सरकलेला असतो.

पण अंगाला हात लावणं, फोटो काढून फिरवणं, पैसे उकळणं, जातीवरून शिवी, हे विद्यार्थी मंत्रिमंडळासमोर आणायचंच नाही. ते मुख्याध्यापकांकडे आणि सखी सावित्री समितीकडे, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या शाळेतल्या समितीकडे. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं कलम १९ पोलिसांना कळवणं बंधनकारक करतं. ‘शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू’ हा पर्यायच नाही. मुलांना १०९८ हा चाइल्डलाइनचा मदत क्रमांक तोंडपाठ हवा.

तक्रारपेटी बहुतेक शाळांत असते आणि बहुतेक शाळांत रिकामी असते, कारण ती कार्यालयाच्या दारात टांगलेली असते आणि चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. दर शुक्रवारी प्रत्येक मुलाला सारख्या आकाराचा कागद द्या. प्रत्येकाने काहीतरी लिहायचं, सांगण्यासारखं नसेल तर पाढा लिही, आणि सगळ्यांनी टाकायचं. मग लिहिणारा उठून दिसत नाही. अक्षर ओळखून वर्गात विचारणा मात्र एकदाही करू नका. ज्या दिवशी कराल त्याच दिवशी पेटी मेली.

नागरिकशास्त्र_सातवी

बाई, पाढ्याची युक्ती घेतली. निवडणुकीवर मी ठाम आहे, मंत्री आठवीतच निवडावे इतकी माघार घेतो. पाचवीला चिठ्ठी चालेल.

दिंडोरी_रोड

द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात, त्यांची मुलं अर्ध्या सत्रात वर्गात येतात. त्यांना कुठल्या गटात घालायचं? पट ६२ झाला तर?

खडू_डस्टर

६२ ला आठाचे सहा गट, साताचे दोन. साताचे ठेवायचे ते वाढप आणि वाचनपेटी, तिथे गर्दी नको. नवीन मुलाला झाडलोटीत टाकू नका, पहिल्याच दिवशी झाडू हातात आला तर वर्ग त्याला तिथेच ठेवतो. आधी परिपाठाच्या गटात घ्या, बोलायचं नसेल तर दिनांक-वार लिहायला द्या.

आठवा_तास

जुलै-ऑगस्ट गट करून बघतो. फुल्या आजपासून बंद. मॉनिटर राहील.