उभी राहिलेली १०० सीसी गाडी उठेना: सीडीआय बदलू की आधी आणखी काही बघू?

रेणापूरकर

राम राम मंडळी. २०१३ ची १०० सीसी गाडी, कार्ब्युरेटरवाली, सेल्फ नाही, नुसती किक. मृगाच्या पेरणीपासून शेतातल्या पत्र्याच्या शेडात उभी होती. आता सोयाबीन काढणीला बाहेर काढली तर उठायलाच तयार नाही. टाकीत अर्ध्यापर्यंत जुनं पेट्रोल होतं, त्यावरच नवीन ओतलं. प्लग नवा टाकला. हेडला टेकवून किक मारली तर करंट दिसतो, पण पिवळसर. भरपूर किका मारून प्लग काढला तर कोरडा ठणठणीत. प्लगच्या भोकात थोडं पेट्रोल सोडलं की दोन-चार सेकंद चालते आणि बंद पडते. बॅटरी पार उतरलीय, हॉर्नसुद्धा वाजत नाही.

मिस्त्री म्हणतात सीडीआय (प्लगची ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला, सोबत कार्ब्युरेटरही नवा टाका. एवढा खर्च करण्याआधी घरी काय तपासता येईल? पाने आणि मल्टिमीटर आहे, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) नाही.

परभणी_मिस्त्री

सीडीआयला सध्या हात लावू नका भाऊ. उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. वरून पेट्रोल दिल्यावर दोन-चार सेकंद का होईना इंजिन चाललं, म्हणजे करंट वेळेवर पडतोय आणि दाबही (कॉम्प्रेशन) कामापुरता आहे. आणि किका मारूनही प्लग कोरडा, म्हणजे पेट्रोल आत पोचतच नाही. प्लग ओला निघाला असता तर मी करंटच्या मागे लागलो असतो.

टाकीपासून खाली या. कार्ब्युरेटरची पेट्रोलची नळी काढा, काचेच्या बाटलीत धरा, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा. सलग धार पाहिजे. थेंब-थेंब येत असेल तर टाकीचं झाकण उघडून परत बघा. झाकण उघडताच धार वाढली तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. मातीच्या रस्त्यावरच्या गाडीत हे नेहमीचं आहे. झाकण उघडूनही तसंच असेल तर कॉकची जाळी चोंदलीय. कॉक रिझर्व्हवर टाकूनही बघा, कारण ऑन आणि रिझर्व्हची तोंडं टाकीत वेगवेगळ्या उंचीवर असतात.

ती बाटली पाच-दहा मिनिटं हलवू नका. तळाला वेगळा थर किंवा गोळ्या-गोळ्या दिसल्या तर पाणी आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला बसतात. कॉकचं तोंडही तळालाच. पावसाळाभर अर्धी रिकामी टाकी म्हणजे वरच्या अर्ध्या भागात ओली हवा, आतून गंजही तिथूनच धरतो. तळाला पाणी दिसलं तर सगळी टाकी रिकामी करा. त्यावर नवं ओतून काही सुधारत नाही.

नळीला धार चांगली असेल तर कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करा. कॉक चालू ठेवून ड्रेनमधूनही धार चालू राहिली पाहिजे. थोडं येऊन थांबलं तर फ्लोटची पिन (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) वर चिकटलीय. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलके दोन ठोके द्या, कधी कधी तेवढ्यानंच सुटते.

ड्रेनची धारही ठीक आणि प्लग तरी कोरडा, मग स्लो जेट. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय तोच. कार्ब्युरेटर काढा, वाटीचे स्क्रू सोडा. आत दोन पितळी जेट असतात: मोठा मेन, आणि खोल भोकात बसलेला बारीक तो स्लो. सुरू करताना आणि रेसिंगला (रेस न देता इंजिन संथ चालतं ते) स्लो जेटवरच गाडी चालते. त्याचं छिद्र सुमारे ०.३५ ते ०.४ मिलिमीटर असतं, वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर त्याला पुरतो. जेट उजेडाकडे धरून बघा, गोल स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. अर्धवट दिसला तरी बंदच समजा. टाचणी किंवा स्टीलची तार घालू नका, छिद्र मोठं होतं आणि मग गाडी कायम जास्त पेट्रोल खाते. वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालेल. कार्ब क्लीनर मारा, थोडा वेळ मुरू द्या, मग हवा मारा.

मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण लावायचा) काढायच्या आधी तो हलक्या हाताने पूर्ण आत घ्या आणि किती फेरे गेला ते लिहून ठेवा. बऱ्याच गाड्यांत दीड ते अडीच फेऱ्यांच्या दरम्यान सेटिंग असतं. जोर लावून आवळला तर टोक मोडून आत बसतं, आणि मग खरोखर नवा कार्ब्युरेटर लागतो. स्क्रूसोबत स्प्रिंग, बारीक वायसर आणि ओ-रिंग निघते; ओ-रिंग आतच चिकटून राहते आणि हवेच्या माऱ्यात उडून जाते, तेवढं बघा.

उदगीर_वायरमन

वरचं बरोबर आहे. फक्त पिवळ्या करंटकडे दुर्लक्ष करू नका. उघड्या हवेत प्लगवर ठिणगी दिसली म्हणून आत दाबाखाली पडेलच असं नाही. दाब वाढला की तेवढंच अंतर ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. चांगली ठिणगी निळसर-पांढरी असते आणि तिचा टक-टक आवाज येतो.

आधी फुकटाची कामं. प्लग कॅप फिरवून काढा, एचटी वायरचं (कॉइलपासून प्लगला येणारी जाड वायर) टोक ५-६ मिलिमीटर कापा, ताजं तांबं दिसलं की कॅप परत फिरवून बसवा. कॅपच्या दोन टोकांत मल्टिमीटर लावा. रेझिस्टरवाली कॅप असेल तर साधारण ५ किलोओहम येतं. काहीच येत नसेल तर कॅप बदला, ती सीडीआयपेक्षा कितीतरी स्वस्त. नव्या प्लगचा गॅपही बघा. एनजीकेच्या प्लगच्या नंबराशेवटी -९ असेल तर गॅप ०.९ मिलिमीटरचा, नसेल तर या वर्गात बहुधा ०.६ ते ०.७. डब्यातला प्लग बरोबरच असतो असं समजू नका, डुप्लिकेट माल भरपूर आहे.

बॅटरी उतरल्याचा संबंध असा. एसी सीडीआयच्या गाडीत करंट मॅग्नेटच्या कॉइलमधून येतो, बॅटरी काढून टाकली तरी किकवर उठते. डीसी सीडीआयला बॅटरी लागते. तुमची बॅटरी मेलेली असून ठिणगी पडतेय, म्हणजे बहुधा एसी. एसीमध्ये चावी बंद केली की एक वायर अर्थ होते आणि करंट मरतो. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये ही बहुधा काळी-पांढरी. सीडीआयजवळ ती सोडवून किक मारा. ठिणगी सुधारली तर लॉकमध्ये किंवा वायरिंगमध्ये कुठेतरी अर्थ लागतोय. पण मग चावीने गाडी बंद होणार नाही, हे ध्यानात ठेवून तपासा.

दोन गोष्टी करू नका. प्लग कॅप मोकळी लोंबकळत ठेवून किका मारू नका, ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉइल आणि सीडीआय दोन्हीवर ताण येतो. आणि भोकात पेट्रोल ओतल्यावर त्याच भोकाजवळ प्लग टेकवून करंट बघू नका. भोकावर फडकं कोंबा, प्लग लांब टेकवा.

बोअर_पिस्टन

शेतातल्या शेडात उभी होती म्हणता, मग किक मारायच्या आधी या गोष्टी बघायच्या होत्या. एअर फिल्टरचा डबा उघडा. सोयाबीनच्या पोत्यांजवळ उभ्या गाडीत उंदरानं फिल्टर कुरतडून घर केलेलं असतं. टाकीखालची आणि सीटखालची वायरिंगही त्याच नजरेनं बघा. सायलेन्सरच्या तोंडात आणि कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लो नळीत कुंभारीण माशी माती भरते. सायलेन्सर बुजला तरी गाडी उठत नाही, आणि माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो.

दुसरं, कॉक चालू ठेवूनच उभी केली होती का? फ्लोटची पिन गळत असेल तर पेट्रोल हळूहळू इंजिनात उतरतं. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी खुणेच्या वर गेली तर आधी ऑइल बदला (या वर्गात साधारण ९०० मिलि ते १ लिटर), नाहीतर पातळ ऑइलवर कॅम आणि बोअर दोन्ही घासतील. किक मध्येच दगडासारखी अडली तर जोर करू नका, प्लग काढून हळू फिरवा. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असू शकतं.

दाबाबद्दल: पायाला किक मोकळी लागत असेल तर प्लगच्या भोकातून ५ मिलि इंजिन ऑइल सोडा, चार-पाच हळू किका द्या, प्लग बसवून परत अंदाज घ्या. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. काहीच फरक नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. व्हॉल्व्हमध्ये बहुतेक वेळा टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) घट्ट झालेला असतो. टॅपेट कमी झाला की आवाज येत नाही, उलट गाडी शांत वाटते, म्हणून कुणाला कळत नाही. फिलर गेज विकत घ्याच. गाडी पूर्ण थंड, मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळलेली, आणि दोन्ही रॉकर मोकळे हलतायत ना ते बघून गॅप लावा. १०० सीसीत हा आकडा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आत असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या.

जालना_एफआय

यात माझाही प्रश्न घुसवतो. बीएस-६ गाडी, फ्यूएल इंजेक्शनची, कार्ब्युरेटर नाही. सेल्फ फिरतो पण उठत नाही. हेच सगळं लागू का?

उदगीर_वायरमन

नाही, क्रम वेगळा. चावी ऑन केल्यावर टाकीतून साधारण दोन सेकंद पंपाचा गुर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर फ्यूज, मग बॅटरी. बॅटरीवर मीटर लावा: स्वस्थ असताना १२.६ च्या आसपास चांगली. सेल्फ मारताना १० च्या बराच खाली पडली तर सेल्फ फिरेल, पण ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) नीट चालेलच असं नाही. अनेक बीएस-६ गाड्यांत साइड स्टँडचा स्विच आणि गाडी आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. पडली असेल तर सरळ उभी करून चावी एकदा बंद-चालू करा. इंजिनचा पिवळा दिवा जळत राहिला तर तो काय कोड देतोय ते आधी वाचून घ्या. आणि पंप कोरडा चालवू नका, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

रेणापूरकर

बाटलीच्या तळाला पाणी निघालं, वाटीत तपकिरी गाळ. स्लो जेटमधून उजेड दिसत नव्हता, साफ केला. एचटी वायरचं टोक कापलं, करंट आता निळा. ऑइलला वास नाही, फिल्टर ठीक. गाडी चोकवर सुरू झाली. पण चोक खाली केला की बंद, आणि एकदम रेस दिली तर कार्ब्युरेटरमधूनच फट-फट करते.

परभणी_मिस्त्री

म्हणजे अजून पेट्रोल कमी, हवा जास्त. चोक हवा अडवतो म्हणून चोकवर चालते.

दोन जागा बघा. पहिली, कार्ब्युरेटर आणि हेडमधला जोड. चालू गाडीवर तिथे कार्ब क्लीनर उडवायला लोक सांगतात, पण तापलेल्या इंजिनवर आग लागते. त्यापेक्षा काढून ओ-रिंग बघा. चपटी किंवा कडक झाली असेल तर बदला. २०१३ च्या गाडीचे रबर भाग ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) धरून बनवलेले नाहीत, तशा साहित्याच्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या. त्या जोडाचे (मॅनिफोल्डचे) दोन्ही बोल्ट थोडे-थोडे आळीपाळीने आवळा, एकच पूर्ण आवळला तर तोंड वाकडं बसतं.

दुसरी, जेट साफ झाला पण त्याच्या पुढची वाट बंद असेल. स्लो जेटच्या जागी क्लीनरची नळी टेकवून मारा. मिक्श्चर स्क्रूच्या भोकातून आणि इंजिनकडच्या घशातल्या बारीक छिद्रांतून फवारा बाहेर आला पाहिजे. डोळे सांभाळा. नाही आला तर कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये रात्रभर ठेवा. रबराचा प्रत्येक भाग आधी काढून.

जोडल्यावर इंजिन गरम करा, मग मिक्श्चर लावा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, तिथे उलट. रेसिंग सगळ्यात वर जाते तिथे थांबा, मग रेसिंगच्या स्क्रूने १४०० आरपीएमच्या आसपास खाली आणा.

रेणापूरकर

ओ-रिंग चपटी झालीय, उद्या आणतो. टाकीतून काढलेलं पेट्रोल गाळून परत वापरता येईल का? चारेक लिटर आहे.

परभणी_मिस्त्री

गाडीत नको. गाळल्यानं पाणी जात नाही. वरचा थर स्वच्छ दिसला तरी त्यातलं इथेनॉल पाण्यासोबत खाली गेलेलं असतं, म्हणून त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो. चेन आणि सुटे भाग धुवायला ठेवा, झाकण घट्ट लावून, शेडाबाहेर. टाकी पुन्हा भरण्याआधी लिटरभर ताज्या पेट्रोलने हलवून धुवा, आणि कॉक ते कार्ब्युरेटर नळीत साधा फिल्टर टाका, गंज सुटत राहणार आहे.