बडोद्याच्या रावपुऱ्यातील बंद दुकाने

दांडियाबाजारकर: मंगळबाजारात पाय ठेवायला जागा नसते, मग हाकेच्या अंतरावर रावपुऱ्यात कित्येक दुकानांची शटरे कायम खाली का असतात? सारा दोष ऑनलाइन खरेदीचाच मानावा काय?

निवृत्त वकील: तिचा वाटा आहेच, परंतु २०१८ मध्ये न्यायमंदिर या जुन्या इमारतीतील न्यायालये दिवाळीपुऱ्याकडे गेली, तेव्हा पक्षकार, टंकलेखक व मुद्रांकविक्रेते यांची वर्दळही गेली आणि तिच्यावर पोट असलेली झेरॉक्स-चहाची दुकाने ओस पडली. शिवाय १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा गुजरातेतही चालत आला असल्याने जुन्या भाडेकरूला नाममात्र भाडे भरून नुसते कुलूप लावून ठेवणे परवडते, पागडीवाचून, म्हणजे ताबा सोडण्याची रक्कम घेतल्यावाचून, तो ताबा सोडत नाही, आणि एवढ्याशा भाड्यात मालक गळके छप्परही शाकारत नाही.

अलकापुरीची सून: सणाची खरेदी आम्ही आजही मांडवीलाच करतो, पण गाडी लावायची कुठे?

दांडियाबाजारकर: वकीलकाका, सहा महिने विनाकारण बंद ठेवलेल्या गाळ्याचा ताबा मालकाला मागता येतो ना?

निवृत्त वकील: येतो, त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये तशी तरतूद आहे, म्हणूनच काही भाडेकरू अधूनमधून शटर वर करून, गल्ल्यापाशी उदबत्ती लावून तासाभरात परततात, आणि वापर बंद होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते.