गडावर मुक्कामाला कुत्रा न्यावा का? (नाशिक परिसर)

भटका कॉलेजरोडकर
आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर परवा ठराव झाला: मुक्कामाच्या ट्रेकला कुणीही कुत्रा आणायचा नाही. कारण विचारलं तर म्हणे "बाकीच्यांना आवडत नाही." मला हे पटलेलं नाही.

माझी कुत्री गावठी आहे, रस्त्यावरून उचललेली. सगळी इंजेक्शनं वेळेवर. रामशेज तर ती माझ्याआधी चढते. धोडपला गुहेत माझ्या पायाशी मुटकुळं करून झोपते, सकाळपर्यंत हूं नाही की चूं नाही. त्याच गुहेत लोक रात्री एकला ब्लूटूथ स्पीकर लावतात, कोपऱ्यात गुटखा थुंकतात, मॅगीची पाकिटं कातळाच्या फटीत कोंबतात. त्यांच्याविरुद्ध आजवर एक ठराव नाही! शिवाय पायथ्याच्या गावातली कुत्री बिस्किटाच्या आशेने आपल्या मागे वरपर्यंत येतातच. रात्री आपल्यातच झोपतात, आणि त्यांचे फोटो काढून लोक "आमचा वाटाड्या" म्हणून टाकतात. गावातलं बिनलसीचं कुत्रं चालतं, पट्ट्यातलं लस टोचलेलं चालत नाही. हा कुठला न्याय?

पंचवटीकर
ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांतला मी एक, म्हणून उत्तर देतो. स्पीकरवाल्यांना मी तोंडावर शिव्या घातल्या आहेत, तू साक्षीला होतास. तेव्हा तो मुद्दा सोड.

मागच्या ट्रेकला माझी भाची होती. लहानपणी तिला कुत्रं चावलंय. तुझी कुत्री गुणी आहे हे तुला माहीत, त्या पोरीला नाही. घरी भीती वाटली तर माणूस उठून दुसऱ्या खोलीत जातो. गुहेत कुठे जाणार? बाहेर काळोख आणि कडा. ती रात्रभर भिंतीला टेकून बसून होती आणि तू सकाळी विचारतोस, "झोप झाली का गं?"

दुसरं, धोडपच्या गुहेत देवी आहे. मी सोवळंओवळं पाळणारा नाही. पण खालची माणसं तिथे नारळ घेऊन चढतात, आणि "कुत्री बाहेर काढा" असं ती पाहुण्याला म्हणणार नाहीत. गप्प बसली म्हणजे चालतं असं नाही.

रविवारचा गिर्यारोहक
दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत आणि खंडोबाच्या पायाशीही एक. देवाची अडचण पुढे करू नका.

पंचवटीकर
दत्ताची कुत्री म्हणजे चार वेद. यांचा वेद रात्री वटवाघूळ दिसलं की भुंकतो.

भटका कॉलेजरोडकर
एकदाच भुंकली होती.

जनावरांचा डॉक्टर
माझा व्यवसाय हाच, म्हणून थोडं लांब लिहितो. गुहेत कोण कुठे झोपतं यापेक्षा मला काळजी टाक्याची आहे.

आपल्याकडच्या बहुतेक गडांवर पिण्याचं पाणी कातळात खोदलेल्या टाक्यांतून येतं. ते वाहत नाही. पावसाळ्यात भरलं की उन्हाळ्यापर्यंत तेच. उन्हात चढून आलेलं कुत्रं पाणी दिसलं की आधी उडी मारतं, मग विचार करतं. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू लागण झालेल्या जनावराच्या मूत्रातून पाण्यात उतरतात आणि माणसाला लागतात. उंदीर तर वर असतातच, त्यात आपण भर घालायची गरज नाही. दरवर्षीच्या लसीत लेप्टो असल्याची खात्री करा, नुसत्या रेबीजच्या इंजेक्शनवर समाधान मानू नका. कुत्र्याचं पाणी आपल्या पाठीवर वाहायचं, भांडं वेगळं, आणि टाक्याजवळ पट्टा सोडायचा नाही.

कुत्र्याच्या बाजूनेही कुणीतरी बोला. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच थंड होतं. मार्च उजाडला की दुपारी काळा कातळ तव्यासारखा तापतो आणि पंजे भाजतात. हरिहरच्या खड्या पायऱ्या कुत्रं एक वेळ चढेल, उतरणार कसं? ते काखोटीला मारून उतरवणाऱ्याचा एक हात खोबणीतून सुटलेला असतो, आणि खाली रांग लागलेली असते. पावसाळ्यानंतर गवतातून गोचिड्या येतात, त्यातून ताप. लॅब्रेडॉर, हस्की वगैरे मंडळींना तर सह्याद्रीत घामाघूम होण्यासाठी आणूच नका... घाम येत नाही म्हटलं ना मी, तरी तुम्हाला कळलं.

आणि गर्दीत बिचकून एखाद्याला चावलं तर जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची असते. गुहेत वाहतं पाणी कुठून आणणार? लस मिळायला खाली उतरून तालुक्याचं गाव गाठायचं.

भटका कॉलेजरोडकर
डॉक्टर, टाक्याचं मान्य. मी तिचं पाणी नेतोच. पण यातलं काहीही "आणायचाच नाही" या ठरावाला पुरेसं कारण नाही. नियम करा ना! पट्टा, लसीचं कार्ड, वेगळं पाणी. मी पाळतो.

ओस्लोतला नाशिककर
शाळा पेठे हायस्कूल, नोकरी नॉर्वेत. इथे डोंगरातल्या मुक्कामाच्या केबिन डीएनटी ही १८६८ पासूनची पदभ्रमण संस्था चालवते, साधारण साडेपाचशे केबिन. बऱ्याच ठिकाणी राखणदारच नसतो, सभासदाकडे असलेल्या एका ठरावीक किल्लीने दार उघडायचं. काही केबिनमध्ये कुत्रेवाल्यांसाठी वेगळी खोली असते. कुत्रं तिथेच, बसायच्या खोलीत नाही. कारण ॲलर्जी. ज्याला केसांचा त्रास आहे त्यालाही त्या केबिनचा तेवढाच हक्क. आणि १ एप्रिल ते २० ऑगस्ट देशभर कुत्रं पट्ट्यातच, मेंढ्या चरत असतात आणि पक्षी जमिनीवर अंडी घालतात म्हणून. कुत्रं चांगलं की वाईट हा वाद इथे कुणी घालत नाही. खोली आहे का, एवढंच बघून निघतात.

पंचवटीकर
तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत. तिथे दुसरी खोली आहे. आपल्याकडे एकच गुहा, एकच दार, ते पण वाकून शिरायचं.

रानवाट
नियम करायचे तर गडागडाचा फरक करा. रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई हे सगळं अभयारण्यात येतं. तिथे वन्यप्राण्याला त्रास देणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग तो तुम्ही द्या की तुमच्या कुत्र्याने. अंजनेरी संवर्धन राखीव आहे, तिथल्या कड्यांवर गिधाडं आहेत. अशा ठिकाणी कुत्रं घरीच ठेवा. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसेक सिंह गेले, त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा मुळात कुत्र्यांचा रोग.

जनावरांचा डॉक्टर
बरोबर, पण डिस्टेंपरची लस घेतलेल्या कुत्र्याकडून तो धोका फारसा नाही. धोका बिनलसीच्या कुत्र्यांचा, म्हणजे ज्यांना आपण बिस्किटं घालून वर नेतो त्यांचा. भटक्याचा पहिला मुद्दा इथे खरा आहे.

पायथ्याचा माणूस
मी बागलाणातला, साल्हेरच्या बाजूचा. ट्रेकवाल्यांना घरी जेवण देतो. तुमचं सगळं वाचलं. तुम्ही देवी बोलले, पाणी बोलले, बिबट्या कुणी बोललंच नाही.

कुत्रं म्हणजे बिबट्याचं जेवण. आमच्याकडे संध्याकाळ झाली की कुत्रं घरात घेतात, नाहीतर सकाळी नुसती साखळी राहते. तुम्ही गुहेत बाकीच्यांना त्रास नको म्हणून कुत्रं बाहेर दगडाला बांधणार. ते रात्रभर भुंकणार. म्हणजे तुम्ही त्याला हाक मारूनच बोलावलं. आत घेतलं तर गुहेच्या तोंडाशी वास. आणि तो एकदा त्या वाटेला लागला की तुम्ही रविवारी नाशिकला, आमची वासरं सोमवारी तिथेच.

रानवाट
हे ऐकीव नाही. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्या त्याच्या खाली. ऊस, कुत्री आणि बिबट्या हे नातं निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही.

भटका कॉलेजरोडकर
तंबूत माझ्याबरोबर झोपली तर? गुहेतल्या कुणाला त्रास नाही, बाहेर बांधलेलीही नाही.

पायथ्याचा माणूस
तंबूचं कापड त्याला काय अडवणार भाऊ. सहसा नाही यायचा माणसाजवळ. पण "सहसा"वर मी माझं कुत्रं नाही लावणार.

रविवारचा गिर्यारोहक
मग आता काय, गडावर मुक्कामच बंद? बिबट्या तर माणसांच्या खरकट्यालाही येतो.

रानवाट
खरकट्याला आधी भटकी कुत्री येतात, त्यांच्या मागे बिबट्या. तेही बंद करा. आणि ज्या गडांवर पुरातत्त्व खात्याने रात्री थांबायला मनाई केली आहे तिथे कुत्र्याचा प्रश्नच येत नाही, आधी आपलाच येतो.

पंचवटीकर
भटक्या, माझं म्हणणं एवढंच आहे. दिवसाच्या ट्रेकला आण, मी तिला बिस्किट देईन. रात्री नको.

भटका कॉलेजरोडकर
दिवसाच्या ट्रेकसाठी मी तुझी परवानगी मागितलेली नाही. रात्रीचं म्हणशील तर बिबट्याचा मुद्दा मी घेतो, कारण तो तिच्या जिवाचा आहे. "लोकांना आवडत नाही" हा अजूनही घेत नाही. ठरावात कारण बदलून लिहा, मी सही करतो.

पंचवटीकर
माझ्या भाचीची भीती हे कारण नाही?

भटका कॉलेजरोडकर
ते विचारून सोडवायचं कारण आहे. निघायच्या आधी ग्रुपवर विचारा, कुणाला भीती असेल तर मी त्या ट्रेकला येणार नाही. सगळ्यांना सगळ्या ट्रेकला बंदी कशाला?

पायथ्याचा माणूस
तुम्ही भांडा निवांत. मुक्काम खाली आमच्या पडवीत करा, दार लागतं. पहाटे चारला उठून चढा, सूर्योदय वरच मिळतो. कुत्रीला भाकरी-दूध देऊ. येण्याआधी फोन तेवढा करा, आमचा मोत्या बांधावा लागतो, तो पाहुणी कुत्री चालवून घेत नाही.

पंचवटीकर
मोत्याचं मत ठरावाच्या बाजूने धरतो.